थोमाचे वाचन

ईस्टर होऊन आठवडा झाला की चर्चमध्ये थोमाचे वाचन असते, आणि ते वाचायचे तर मोठ्या दिरांनीच, असा जणू दंडक होता. येशू मरणातून उठला हे ऐकून त्याचा शिष्य थोमा, त्याच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही, असे म्हणतो त्या जागी त्यांचा आवाज असा कापायचा, की पुढच्या बाकावरच्या बायका डोळे टिपायच्या. धाकट्या सुनेलाही पूर्वी ते आवडायचे. आता तिला त्या आवाजाची शिसारी येत होती.

आतल्या खोलीत सासरे पडून होते. जिन्यावरून पडल्यापासून कमरेखालचे अंग मेले होते आणि पडून पडून माकडहाडाशी मुठीएवढी जखम झाली होती. ती रोज धुवायची, पू पुसायचा, काळे पडलेले कातडे चिमट्याने उचलायचे, नवी पट्टी बसवायची. पहिल्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन भडाभडा ओकली होती. ती काही संत नव्हती. पण नवरा कारखान्यात पाळीवर, जाऊबाईंना म्हणे रक्त पाहवत नाही, मग धुणार कोण? मोठे दीर यायचे ते बाहेरच्या खोलीपर्यंत. सेंट मारलेला रुमाल नाकाशी धरून "बाबा, तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे हं!" असे ओरडायचे आणि चहा पिऊन जायचे. दुरून डोंगर साजरे, तसा यांना दुरून बाप साजरा.

म्हाताऱ्याला बाकी काही नको होते. मोठ्या मुलाने एकदा आत यावे, अंगाला हात लावावा, एवढेच. "त्याला माझी किळस येते का गं?" असे त्याने एकदा विचारलेही होते. "भलतंच काय, बाबा," म्हणून तिने विषय बदलला होता.

त्या रविवारी चर्चला जाण्याआधी दीर वाचन ऐकवायला आले. लहानपणी मोठ्याने वाचायला त्यांना बापानेच शिकवले होते. ती पट्टी बदलत होती. म्हातारा भिंतीकडे तोंड करून कुशीवर होता. बाहेरच्या खोलीत आवाज कापला, अगदी ठरल्या जागी. वाचन संपले.

"छान वाचलंस रे," म्हातारा भिंतीकडे बघतच म्हणाला. "थोमा वाईट नव्हता बघ. निदान जखम बघायला तरी मागितली त्याने. मोठ्या, आत ये ना. एकदा हात लाव."

बाहेर पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"या ना भाऊजी," ती म्हणाली. "हातमोजे देते."

"चर्चचे कपडे आहेत गं."

"जखम काही उडी मारत नाही अंगावर."

दीर उंबरा ओलांडून दोन पावले आत आले. उघडी जखम दिसताच त्यांनी रुमाल नाकावर दाबला आणि मोकळा हात पुढे केला. पलंगाजवळ पोचण्याआधीच तो हवेत थांबला आणि मागे गेला.

"लावला, बाबा," ते म्हणाले.

"लावलास?" म्हाताऱ्याला हुंदका आला. "मला तिथलं काही कळत नाही रे. खरंच लावला का गं त्याने?"

खरे तिच्या अगदी ओठांवर आले होते. या माणसाला इथल्या इथे उघडा पाडावा, असे तिला मनापासून वाटले. पण म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी उशीत उतरत होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "लावला."

दिरांचा जीव भांड्यात पडला. रुमालाआडून ते लगेच वाचनातलेच शेवटचे वाक्य म्हणाले, "न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य, बाबा!" आणि घड्याळ बघत निघाले. वाचनाला उशीर करून कसे चालेल!

तिने पट्टी कशीबशी बसवली, न्हाणीघर गाठले आणि पोट रिकामे होईपर्यंत ओकली.

"अजून वास सहन होत नाही का गं, पोरी?" ती परतल्यावर म्हाताऱ्याने ओशाळून विचारले.

"नाही होत, बाबा," असे म्हणून तिने खिडकी सताड उघडली. जखमेचा वास तिला केव्हाच येईनासा झाला होता. खोलीभर राहिला होता तो सेंटचा.