आधी मला धुवा!

मी एक जुनी कुदळ आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलंय. अरब मुलखातल्या अजलूनच्या डोंगरातल्या लोहाराने मला घडवलं, वस्फियावहिनींच्या सासऱ्यांनी घरी आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या जैतुनाच्या, म्हणजे तुमच्या ऑलिव्हच्या, बागेत खपते आहे. वहिनी विधवा. या बागेवरच त्यांचं पोट.

आमच्याकडे आज तुझ्या बागेत, उद्या माझ्या बागेत, असं मिळून खणतात. अवजारंही सगळ्यांची. शेजाऱ्याकडून आलेली कुदळ त्याच्यादेखत धुणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं! काय ही रीत!

शेजारच्या अबू सुवैलमने स्वतःच्या झाडांच्या मधे वांगी लावली आणि त्यांच्याबरोबर मातीत बुरशी शिरली. ती मुळांतून वर चढते. एकेका फांदीची पानं गुंडाळून वाळली. या शहाण्याने काय केलं? झाडाला निळा मणी बांधला! अहो, नजर कसली डोंबलाची, रोग मातीत आहे!

वहिनींच्या माहेरची अख्खी बाग अशीच गेली होती. म्हणून मी अबू सुवैलमच्या बागेतून परत येताच त्यांनी मला बांधावरच, त्याच्यादेखत, खसाखसा धुतलं.

"काय हो वहिनी, माझी माती विटाळली का?" अबू सुवैलम भडकला.

"माती चांगली असेल, भाऊ. तिच्यातला रोग माझ्या दारी नको."

"राहिलं! पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही!"

पुढे वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. तेवढ्यात अबू सुवैलमचा राग निवळला. वहिनींच्या घरून मला उचलून याने सकाळी स्वतःची बाग खणली आणि मला तशीच माखलेली घेऊन वहिनींची सगळी झाडं खणून काढली. मी काय करणार? मला तोंड आहे का?

वहिनी परतल्या, तर हा हसत उभा. "रुसवा सोडा, वहिनी. सगळं खणून ठेवलंय!"

वहिनींनी माझ्या पात्यावरचा चिखल पाहिला. कुठली माती ती, त्यांनी ओळखलं. मग त्यांनी त्याच्यासाठी कॉफी ठेवली.

वसंतात वहिनींच्या बागेतली पहिली फांदी वाळली. अबू सुवैलमने तिचं गुंडाळलेलं पान हातात घेतलं, त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, फार मायेने खणलं होतं हो."

"तेच तर, भाऊ. तुम्हाला शिव्यासुद्धा देता येत नाहीत मला."

मित्रांनो, या रोगाला औषध नाही. शेजाऱ्यावर माया जरूर करा, त्याची बाग खणून द्या. पण आधी मला धुवा हो!