डाव्या दाराचा हुकूम

बंधाऱ्याचं डावं दार उघडलं की पाणी मैदानात शिरतं. नाही उघडलं की खालच्या आळीत. एवढं साधं गणित. बाबांनंतर सोळा वर्षं हे चाक मीच फिरवतेय, आणि खालच्या आळीत माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे.

पूर्वी पाणी लाल रेघेला टेकलं की मी महापौरांना फोन करायचे. महापौर म्हणजे आमचे दाजी, ताईचा नवरा, धंद्यानं बेकरीवाले. माणूस भारी बडबड्या. मी त्यांना मत दिलं नव्हतं, आणि तसं तोंडावर सांगितलंही होतं. पण फोन गेला की पिठाच्या हातांनी धावत यायचे, पाणी बघायचे, म्हणायचे, "उघड गं!"

यंदा सरकारनं निवडणूकच मोडीत काढली. महापौरांच्या जागी राजधानीतून साहेब नेमून आले. माणूस वाईट नाही हो. गटारं उपसली, रस्त्यात दिवे लागले. फक्त दार उघडायला त्यांचा लेखी हुकूम लागेल, असा कागद बंधाऱ्यावरच्या माझ्या खोलीच्या भिंतीवर चिकटला.

त्या दिवशी सकाळी दहालाच पाणी रेघेला टेकलं. साहेब राजधानीत, बैठकीला. फोन लावला. त्यांचा मदतनीस म्हणाला, "मैदानात उद्या मंत्र्यांची सभा आहे, मंडप उभा आहे. थांबा, विचारून सांगतो."

"अहो, पाणी थांबणार आहे का तुमच्या विचारण्यासाठी?"

"बाई, आवाज चढवू नका."

थांबले. अकरा वाजले, बारा वाजले. पाणी रेघेच्या वर वीतभर. ताईचा फोन आला: आईच्या खोलीत पाणी शिरलंय, पलंग एकटीला उचलत नाही. परत राजधानीला लावला. "साहेब जेवायला बसलेत." जेवा मेल्यांनो, पोटभर जेवा! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

साडेबाराला दारात दाजी. ताईनंच पिटाळलं असणार. पाणी बघितलं, खिशातून पाव बांधायचा कागद काढला आणि भिंतीला टेकवून लिहिलं: 'डावं दार उघडावं. महापौर.' खाली सही, तारीख, वेळ.

"दाजी, तुम्ही आता कुठले महापौर? आत टाकतील तुम्हाला."

"टाकू देत. तुझी नोकरी तरी राहील. उघड गं!"

दोघांनी मिळून चाक फिरवलं. मैदानातला मंडप आडवा झाला, खुर्च्या तरंगत गेल्या. आईच्या गादीला पाणी लागलं तेवढंच. वाचली.

चौथ्या दिवशी चौकशीला बोलावलं. राजधानीचा अधिकारी समोर, हातात पेन.

"दार कुणाच्या हुकमानं उघडलंत?"

कागद माझ्या पर्समध्ये होता. टेबलावर ठेवला असता तर मी सुटले असते, दाजी अडकले असते. उघड्या दारातून बाहेरच्या बाकावर बसलेले दाजी दिसत होते. जन्मात पहिल्यांदा गप्प, नुसते मानेनं खुणावत होते: दे, दे.

"कुणाच्याच नाही. मी उघडलं."

"परवानगी न घेता?"

"अडीच तास मागत होते. तुमच्याकडेच."

त्यानं लिहून घेतलं, सही घेतली आणि बंधाऱ्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. ठेवल्या. बाबांच्या हातातल्या किल्ल्या त्या. जीव तुटला माझा.

बाहेर आले तर दाजी नुसते उसळले. "अक्कल गहाण ठेवलीस का? कागद कशाला दिला होता मी?"

"निवडणुकीत दिलं नव्हतं ना मत तुम्हाला," मी म्हटलं. "आज दिलं. चला, आईला औषध द्यायचंय."