चिंबोरी गोड्या पाण्याला गेली

आमच्या गुणाजी गुरुजींकडे पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. १९९० सालची गोष्ट. गुरुजी रोह्याचे, पण शिकवायला आमच्याकडे, पेणजवळ धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरांच्या गावात. पेटीचा नियम एकच. पुस्तक वाचायचं, घरात ज्याला वाचता येत नाही त्याला ते सांगायचं, मगच दुसरं न्यायचं. थाप मारणाऱ्याला पेटी वर्षभर बंद. माझ्या वर्गातल्या निकेशला झालीच होती.

मी सातवीत होते आणि पुस्तकांची अधाशी. घरात वाचता न येणारी एकटी आई, बायजा. ती दिवसभर मीठ ओढून यायची आणि आल्या आल्या भाकऱ्या थापायला बसायची. तिला हिमालय काय सांगायचा? खरं सांगते, मला तिची थोडी लाजच वाटायची. मी आपली "सांगितलं" म्हणायचे आणि पुढचं पुस्तक उचलायचे. अशी अकरा पचवली.

मार्चमधल्या एका रविवारी आईचा डबा घेऊन मिठागरावर गेले, तर गुरुजी तिथे उभे.

"बायजाबाई, वैशालीने तुम्हाला हिमालयाची गोष्ट सांगितली म्हणे. कशी वाटली?"

आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

"बरी हाय की. एक चिंबोरी व्हती. खाऱ्या पाण्यात जल्मली, पन तिला गोडं पाणी बघायचं व्हतं. पोरीला पाठीवर घेतली नि निघाली. पार तुमच्या रोह्याला गेली, नदीवर. तिला काय ते पाणी मानवलं नाय. पोरीला मानवलं. मंग पोरीला तिथंच ठेवली नि आपुन परत खाडीला आली."

हिमालयात चिंबोरी, खाडीतली खेकडी! आता मेले, असं मला वाटलं. गुरुजी मात्र "छान आहे हो," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पेटीसमोर मान खाली घालून उभी राहिले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी एक वही माझ्या हातात दिली. वर लिहिलं होतं, 'चिंबोरी. सांगणारी, बायजाबाई.'

"हे पुस्तक पेटीत आजच आलंय," ते म्हणाले. "नियम ठाऊक आहे ना?"

संध्याकाळी चुलीशी बसून मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"ही तर माजी हाय!"

"व्हय."

"म्हंजे गुरुजींना कललं सगलं?"

"व्हय," म्हणाले आणि मला रडू फुटलं. "तुला काय कळणार, असं वाटायचं मला, आई."

तव्यावरची भाकरी करपली.

"शेवट बदलला नाय ना त्यांनी?"

"नाय."

"मंग रडतंस कशाला गो? ती हिमालयाची सांग आता. मला कवाची ऐकायची हाय."

त्या महिन्यात मी तिला अकराच्या अकरा सांगितली. दोन-तीन गोष्टींचे शेवट तिला पटले नाहीत, ते तिने बदलून घेतले. तेवढं सुख मला पुढे कुठल्याच पुस्तकाने दिलं नाही.

१९९८ला मला रोह्यात शिक्षिकेची नोकरी लागली. आई खोलीवर सोडायला आली. मी म्हटलं, आता इथेच राहा. ती फुलपात्रभर नळाचं पाणी प्यायली, "गोडं हाय गो," म्हणाली, आणि दुपारच्या एसटीने परत गेली.