शिसं वर, बुचं खाली

अंबाजीने शिडी स्वतःच उचलली, जाळ्याखाली टेकवली आणि बहात्तराव्या वर्षी तिसऱ्या पायरीवर चढून पहिली गाठ सोडायला घेतली.

"काका, अहो काका! आधी खाली उतरा!" नेत्रा धावत आली.

"उतरतो ना. पयलं हे सुलटं करतो, मंग उतरतो."

सकाळपासून हे चौथ्यांदा चाललं होतं. रेवदंड्याच्या खाडीकाठचा बर्फाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती. तिथे मुंबईच्या या नेत्राने कोळ्यांच्या वारशावर प्रदर्शन मांडलं होतं. भिंतींना नवा चुना, छताला दिवे, ओळीने चित्रं आणि फोटो, कोपऱ्यात दोन वल्ही. इथवर अंबाजीची काही तक्रार नव्हती. पण दालनाच्या मधोमध त्याच्या बापाने हाताने विणलेलं सुती जाळं टांगलं होतं, आणि ते चक्क उलटं टांगलं होतं. शिशाची वजनं वर, लाकडी बुचं खाली. बुचं वर तरंगतात, शिसं खाली ओढतं, म्हणून तर जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, असं तो सकाळपासून बजावत होता.

"चुकून नाही लावलेलं, काका," नेत्रा शिडी धरून म्हणाली. "वजनं वर आहेत, म्हणजे सगळ्या आभाळाचं ओझं कोळ्याच्या डोक्यावर आहे. त्याचं नावच 'आभाळाचं ओझं' आहे."

"आमच्या डोक्यावर आभाळ न्हाय, बाय, मासळीची पाटी असते. ती पन बायकांच्या."

"किती सुंदर बोललात! हे लिहून घेऊ का मी?"

अंबाजीने कपाळावर हात मारून घेतला. शिडीवर तेही जपूनच करावं लागलं.

त्याची खरी पोटदुखी वेगळीच होती. दाराशी मोठा बोर्ड लावला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'जाळे व मांडणी मार्गदर्शन : अंबाजी तांडेल'. संध्याकाळी पाचला सगळा कोळीवाडा येणार होता. कोळीवाडा एक वेळ उधारी विसरेल, पण कुणाची फजिती विसरणार नाही. काळूरामने तरुणपणी एकदा घाईगडबडीत जाळं उलटं सोडलं होतं, तर बिचारा मरेपर्यंत 'उलटा' म्हणूनच ओळखला गेला. लग्नपत्रिकेवर तेवढं छापायचं राहिलं. ते नाव ठेवणारा अंबाजीच होता. आता पन्नास वर्षं होडीची तांडेलकी करून म्हातारपणी त्याच्यावरच ती पाळी आली होती.

"मंग बोर्डावरचं माजं नाव तरी काढा."

"छापून झालंय हो काका. असं करू, आज उद्घाटन होऊ दे. उद्या सकाळी तुम्ही म्हणाल तसं लावू. नक्की."

हसायचे ते आजच हसून घेणार, मग उद्या सुलटं करून काय उपयोग? पण जाळं टांगलेल्या नायलॉन दोरीच्या गाठी इतक्या करकचून आवळल्या होत्या की त्याची नखं दुखायला लागली, तरी एकही सुटेना. शेवटी तो चडफडत खाली उतरला.

पाच वाजता माणसं येऊ लागली तसा अंबाजी खांबाआड जाऊन उभा राहिला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, दागिने घालून आल्या आणि आधी फोटोंमध्ये आपापली तोंडं शोधू लागल्या. थळहून आलेली त्याची चुलत बहीण नीराबाई मात्र जाळ्यासमोर थांबली. वरपासून खालपर्यंत तिने ते न्याहाळलं. अंबाजी खांबाआड आणखी सरकला.

"वर धूळ साचलीय रे अंबाजी," ती म्हणाली. "झाडून तरी घ्यायचं."

मग पोरं आली. कंपनीत नोकरीला असलेली, अलिबागला रिक्षा चालवणारी, नव्या मुंबईहून मुद्दाम सुट्टी काढून आलेली. जाळ्यापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढले. एकजण तर म्हणाला, "काय लावलंय यार!" अंबाजी ताठ झाला. पण त्या पोराला खरोखरच आवडलं होतं.

पुतण्याचा मुलगा विपुल खालचं एक बूच हातात धरून विचारू लागला, "आबा, ही लाकडं खाली कशाला? वजनाला का?"

पोरगा चेष्टा करतोय का, म्हणून अंबाजीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथे चेष्टेचा मागमूस नव्हता.

"लाकूड बुडतं का रे?"

"न्हाय." विपुलने क्षणभर विचार केला. "मंग असंल काहीतरी." आणि तो चहाच्या टेबलाकडे गेला.

अंबाजी खांबाआडून बाहेर आला. जाळ्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. येणाराजाणारा त्याचा हात हातात घेऊन 'झकास झालंय' म्हणत होता आणि प्रत्येक 'झकास'गणिक त्याला जास्तच एकटं वाटत होतं. येसूबाई असती तर दारातूनच ओरडली असती, नवऱ्याची पार अब्रू काढली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. काळूरामलाही जाऊन तेवढीच झाली असतील. त्याच्याबरोबर दर्यावर जाणारे बाकीचेही एकेक करून गेले होते.

साडेसातला दालन रिकामं झालं. नेत्रा शिडी आणि कात्री घेऊन आली. दिवसभर म्हाताऱ्याला छळलं याचं तिला आता वाईट वाटत असावं.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं? चला काका, आत्ताच सुलटं करू. तुमचंच बरोबर होतं."

अंबाजीने भिंतीकडेची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि जाळ्यासमोर मांडून तो बसला.

"किती दिवस हाय हे तुमचं?"

"रविवारपर्यंत."

"मंग ऱ्हाऊ दे तसंच. मी बसतो रोज हितं."

"असं उलटंच? आणि तुम्ही बसून काय करणार?"

"अजून चार दिस हायेत बाय," अंबाजी म्हणाला. "कोनतरी हसंल."