ठमाबाईचं कार्ड

माझ्या सासूबाई, सखूबाई, एकवेळ जीव देतील, पण पैसे देऊन डॉक्टरकडे जाणार नाहीत. पाय सुजले, दोन पावलांत धाप लागायची, तरी आपलं 'मला काय धाड भरलीय?' चालूच. म्हाताऱ्यांसाठी सरकारी कार्ड निघालं, खासगी दवाखान्याची फी सरकार भरणार म्हटल्यावर कुठे नेरे गावाहून माझ्याबरोबर नवीन पनवेलला आल्या. सासऱ्यांनी दिलेलं कार्ड मी न बघताच काउंटरवर दिलं.

"ठमाबाई महादेव!" काउंटरवरच्या नीताने परत पुकारलं. कोणी उठेना. आमच्या मागून आलेले आत जाऊन आले. इकडे आईंचे ओठ निळे पडायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, आमचा नंबर गिळलात की काय?"

नीताने कार्ड पुढे केलं. फोटो आईंचा, नाव ठमाबाईचं. "दुसऱ्या कुणाचं असेल तर जमा करावं लागेल. हे नाव माझंच, असं यांनाच सांगू दे."

मी सासऱ्यांना फोन लावला. ते माझ्यावरच खेकसले, "अगं, तीच ठमा! वयासाठी शालेचा दाखला लावलाय, माहेरच्या नावाचा. सखू आमी लग्नात ठेवलं."

"ऐकलंत ना, आई? सांगा त्यांना."

"नाय." आई भिंतीला धरून उठल्या. "माज्या सासूनं सांगितलेलं, ठमा मांडवातच मेली, त्या नावाला परत ओ द्यायची नाय. मेलेल्या बाईच्या नावावर सरकारचं खाऊ? चल घरी."

"मी भरते पैसे!"

"माज्या पोराचं पैसं नको."

आणि निघाल्यासुद्धा. दारापर्यंत जाताना छातीचा नुसता भाता झालेला. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि रागही असा, की ती आजेसासू समोर असती तर तिला फरफटत आणलं असतं. माझा जिभेवरचा ताबाच सुटला.

"ठमेऽ! कुठं चाललीस गं? ये इकडं!"

अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. सून सासूला अगंतुगं करते! आई उंबऱ्यावर थबकल्या, वळल्या, आणि लहान पोरीसारख्या बारीक आवाजात म्हणाल्या, "ओ. आले."

नीताने आतलं दार उघडलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. "घरी नेऊ नका. थेट तिकडेच जा. हे उद्यावर गेलं असतं तर..."

रिक्षात मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. तोंडातून गेलं."

डोळे मिटूनच त्यांनी माझा हात धरला. "माजी आय गेल्यावर कोनी तशी हाकच नाय मारली गं. आजून मार."

मोठा दवाखाना येईपर्यंत मी हाका मारतच राहिले, आणि दर वेळी ओ येत राहिली.