कोरडं कपाट
पावसाळ्यात लाटंबार्सेच्या आमच्या घरात कोरडी जागा एकच, आत बल्ब जळत ठेवलेलं कपाट. नाहीतर चपलांपासून देवाच्या पोथीपर्यंत सगळ्याला बुरशी धरते. कपाटाच्या वरच्या खणात माझ्या नवऱ्याचे, सिद्धेशचे कागद. खाली साईशची झबली, लंगोट, दुपटी. साईश अजून मान धरत नव्हता.

सिद्धेश पोर्तुगीज गव्हर्नरांच्या सह्यांचे जुने कागद जमवतो. नेमणुका, परवाने, जमिनींचे हुकूम. यंदा पेडण्याच्या एका घरातून त्याला अख्खा गठ्ठा मिळाला.

"बघ, काय फर्राटा मारलाय गव्हर्नरनं! बोट नको लावू हां."

"कसरीनं लावलंय की तोंड," मी एका कोपऱ्यातली भोकं दाखवली.

तो हसला नाही. दुसऱ्याच दिवशी डिचोलीच्या बाजारातून डांबरगोळ्या आणल्या आणि मूठमूठ भरून दोन्ही खणांत टाकल्या. बल्बच्या उबेनं वास असा उठायचा की कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं, बाळाच्या कपड्यांत झुरळ शिरायचं नाही."

थोड्याच दिवसांत साईश दूध ओढेना. खिडकीशी नेऊन बघितलं तर त्याच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालेलं.

"कावीळ गो ती," सासूबाई म्हणाल्या. "धाकूकडे नेऊया. मुळांची माळ घालतो तो, उतरते."

मी लंगोट सोडला. कोऱ्या चहासारखा डाग.

"माळ नको. सिद्धेश, गाडी काढ."

"शिकलेल्या सुनेला सगळ्यासाठी डॉक्टरच लागतो," सासूबाई मागून म्हणत राहिल्या.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी साईशला हातात घेतलं आणि तपासायच्या आधी दुपटं नाकाशी धरलं.

"हे कशात ठेवता? डांबरगोळ्या?"

मी मान हलवली.

रक्त तपासून त्यांनी समजावलं. काही मुलांच्या रक्ताला ही वाफ सोसत नाही, तांबड्या पेशी फुटतात. दोष जन्माचाच, बहुतेक आईकडून आलेला. आता दुसऱ्याचं रक्त चढवायला हवं, लगेच.

"पण आम्ही सगळे त्याच वासात वाढलो," सिद्धेश म्हणाला.

"तुम्हाला सोसलं. ह्याला सोसत नाही. पुन्हा असं झालं तर वेळेवर पोचालच, असं धरून चालू नका."

रक्त चढलं. साईशच्या ओठांवर हळूहळू रंग आला. मी त्याच्या छातीवरून नजर काढली नाही. डोळा लागला तर तिचं वरखाली होणं थांबेल असं वाटायचं.

घरी सोडलं त्या दिवशी गाडीत बसताना मी विचारलं, "कपाटाचं काय केलंस?"

"गोळ्या काढतो ना. कपडे दुसरीकडे ठेवू."

"आणि कागद? त्यांत तो वास मुरलाय. घराबाहेर ठेव."

"बाहेर? ह्या दमटात?" त्यानं स्टिअरिंगवर बोटं आपटली. "दोन दिवसांत लगदा होईल. ती सही पुन्हा मिळायची नाही, तुला कळतंय का?"

मी साईशकडे बघितलं. तो बापाकडे बघत होता, आवाज चढला म्हणून.

"मग आम्हाला नार्व्याला सोड. आईकडे."

डिचोलीपर्यंत मला वाटत होतं, आता म्हणेल, नको जाऊ, टाकतो सगळं. नार्व्याचा फाटा आला. त्यानं गाडी वळवली.

आईच्या दारात त्यानं पिशवी उतरवून दिली, साईशच्या गालाला बोट लावलं. आई आत बोलावत होती तरी उंबरा चढला नाही.

"कधी येशील?" मी विचारलं.

"पाऊस सरला, ऊन पडलं की येतो न्यायला," तो म्हणाला. "तेव्हा कागद बाहेर ठेवता येतील."