आधी देव, मग माणसं

बुधवारी दुपारी पापा मला कॅथेड्रलच्या मनोऱ्यात घेऊन गेले. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आमचं गाव पाहुण्यांनी भरतं, आणि पापा गाईड म्हणून चाळीस वर्षं त्यांना तेच तेच दाखवत आले होते: सोन्याच्या वर्खाची वेदी, भूकंपातून उरलेली भिंत, बिशपांची थडगी. माझ्यासाठी मात्र दर वर्षी एक नवी गोष्ट राखून ठेवलेली असे. मी राजधानीत, तेगुसिगाल्पाला, कॉलेजात शिकवते. नवं काही नसलं तर ही यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

या वर्षी एक वीट होती. तिच्यावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा.

"ओली असताना पाय देऊन गेलं," ते म्हणाले. "तीनशे वर्षं झाली. बिशपांची नावं पुसली, हे राहिलं."

"तीनशे कशावरून?"

"आल्या प्राध्यापिकाबाई. बरं, दोनशे नव्वद. झालं समाधान?"

उतरताना ते मध्येच भिंतीला टेकून उभे राहिले. गुडघे दुखतात म्हणाले. घरी येऊन गुळाच्या पाकातले पाव खाल्ले, माझ्या वाटणीचेसुद्धा.

गुरुवारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर कॅथेड्रलच्या घंटा मुक्या होतात, शनिवारी रात्रीपर्यंत. फादर मला म्हणाले, "एवारिस्तोसाठी घंटा वाजवता येणार नाही, आणि मिस्सा, त्याच्यासाठीची प्रार्थना, सोमवारी. माझा इलाज नाही, ओतिलिया." कबरी खणणाऱ्यानं निरोप धाडला की शुक्रवारी बारानंतर तो कुदळ मारणार नाही, येशू गेला त्या वेळेनंतर खणलं की माती रक्ताळते. शनिवारपर्यंत देह या उन्हात टिकला नसता. म्हणजे शुक्रवारी सकाळीच न्यायचं होतं.

आणि शुक्रवारी सकाळी मोठा रस्ता कॅथेड्रलपासून दफनभूमीच्या फाटकापर्यंत लाकडाच्या रंगीत भुशाच्या गालिच्यांनी झाकलेला होता. घरोघरच्या लोकांनी रात्रभर गुडघ्यांवर बसून ते घातले होते. देवाची मिरवणूक त्यांच्यावरून जायची, त्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही. मिरवणूक आमच्या दारापर्यंत येईतो दुपार होणार होती.

मला पापांना त्या रस्त्यानंच न्यायचं होतं. त्यांचं सगळं आयुष्य त्यावर चालण्यात गेलं होतं. मी समोरच्या घरातल्या एर्सिलियाबाईकडे गेले. भुशाच्या रंगानं कोपरापर्यंत जांभळे झालेले हात घेऊन ती उंबऱ्यावर बसली होती.

"कडेनं एक माणूस जाईल, पोरी," ती म्हणाली. "शवपेटीला चौघं लागतात."

"काकाला उभा करून नेऊ," माझ्याबरोबर आलेला चुलतभाऊ म्हणाला. "आयुष्यभर त्या देवळासमोर उभाच होता."

एर्सिलियानं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली.

"तुमच्या गालिच्याचा एवढाच भाग," मी म्हटलं. "पुन्हा भरून देते. मी स्वतः बसते."

"मी हो म्हणेन गं. पुढची चाळीस घरं?" तिनं हात एप्रनला पुसले. "माझ्या नवऱ्याच्या, लेओन्सियोच्या छातीत दुखायला लागलं, तो असाच शुक्रवार होता. दवाखान्यात नेणारी गाडी या कोपऱ्यावर आली, आणि तुझे पापा हात पसरून आडवे उभे राहिले. आधी देव, मग माणसं. खाटकांच्या गल्लीनं वळवली गाडी. पोचलो, पण उशिरा."

मला हे ठाऊक नव्हतं.

"त्यांनी कुणासाठीच रस्ता सोडला नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता त्यांच्यासाठी सोडला, तर मी लेओन्सियोला काय सांगू?"

मी घरी परतले आणि चुलतभावाला म्हटलं, "मागचं दार उघड."

कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, कचरा बाहेर टाकायच्या दारातून आम्ही पेटी काढली. एर्सिलिया जांभळ्या हातांनी मागोमाग आली. खाटकांच्या गल्लीत पापांनी कधी एकही पाहुणा आणला नव्हता. उपासाच्या दिवसांमुळे दुकानं बंद होती, पण नाल्याचा वास होता, भिंतींवर माश्या होत्या. पलीकडून मिरवणुकीचं गाणं पुसट ऐकू येत होतं. अर्ध्या वाटेवर खांदे बदलायला माणसांनी पेटी एका ओट्यावर टेकवली.

मी झाकणावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पापा, मी गाव बघायला येत नव्हते. तुमच्यासाठी येत होते."